तांदळात लिहिलेले नाव

आमच्याकडे लग्नात नवरीचे नाव बदलण्याची पद्धत होती. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने बोटातली अंगठी काढून त्या अंगठीने तांदळात नवे नाव लिहायचे, मोठ्याने वाचून दाखवायचे आणि पेढे वाटायचे. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, नाव असेच बदलले. तिच्या नावाची एक जाऊ सासरी आधीच होती, एवढेच कारण. जुने नाव त्यानंतर धारवाडला आईवडिलांच्या तोंडी तेवढे उरले. मी धाकटी; थोरलीला नावाने हाक मारण्याची आमच्या घरी रीत नव्हती. त्यामुळे आईवडील गेले, तेव्हा त्या नावाने तिला हाक मारणारे घरात कुणीच राहिले नाही.

ते नाव परत आणले बाजाराने. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अक्का हुबळीत, देशपांडे नगरातल्या आपल्या घरी शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी करून विकू लागली. पहिली गिऱ्हाइके म्हणजे तिच्या शाळेतल्या मैत्रिणी. त्या तिला जुन्याच नावाने ओळखत. त्यांनी शेजारणींना सांगितले, शेजारणींनी दुकानदाराला. दुकानदार साध्या पिशवीवर ते नाव कानडीत हाताने लिहून ठेवू लागला. जिने अक्काला कधी पाहिले नव्हते अशी बाईसुद्धा तिच्या माहेरच्या नावाने चटणी मागू लागली. "अक्कार, इन्नोंद पाकीट कोड्री," असे म्हणत आणखी एक पाकीट घ्यायला दारात येणारी बाईही जाताना ते नाव एकदा उच्चारून खात्री करून घेई. अक्का दार लावताना स्वतःशीच हसे. मी ते पाहिले आहे.

काही वर्षांनी अक्काचा मुलगा, माझा भाचा, शिक्षण संपवून घरी आला. त्याने आणि भावजींनी हुबळीबाहेर तारिहाळला एक शेड घेतली, दळण्याचे आणि पाकिटे भरण्याचे यंत्र बसवले. माल आता कोल्हापूर, पणजी, हैदराबादला जायचा होता. त्यासाठी छापील पाकीट हवे, आणि पाकिटाला सगळीकडे चालेल असे नाव हवे.

"मावशी, तू मुलांची परीक्षा घेतेस की नाही? मग यंदा नावांची घे," भाचा म्हणाला.

मी शाळेत मराठी शिकवत होते. काम अंगावर घेतले की ते नीट करायचे, ही सवय. प्रथम मी न चालणारी नावे वेगळी काढली. 'सुगरण' हा शब्द मराठी कानाला अख्खे स्वयंपाकघर दाखवतो. कानडी कानाला काहीच दाखवत नाही. 'रुची' सगळ्या भाषांत चालते, पण म्हणूनच ती जिकडेतिकडे चिकटवलेली असते. ज्या नावात ळ आहे, त्याचा उत्तरेकडे जाताना ल होतो. नाव निवडताना मी तीन गोष्टी पाहते: ते अनोळखी जिभेवर अडखळते का, शेजारच्या भाषेत त्याचा काही भलताच अर्थ होतो का, आणि दुसऱ्या दिवशी ते आठवते का. तिसरी कसोटी सर्वांत कठीण, कारण ती वर्गात बसून सोडवता येत नाही. मधे एक रात्र जावी लागते.

उरलेली नावे मी फळ्यावर लिहिली. त्यात अक्काचे माहेरचे नावही होते. ते कुणाचे, हे मी सांगितले नाही. माझ्या वर्गात घरी कानडी, उर्दू, तेलुगू आणि कोकणी बोलणारी मुले होती. त्यांच्याकडून ती नावे भराभर म्हणवून घेतली. मग फळा पुसला. दुसऱ्या दिवशी विचारले, "आजीने चटणी आणायला पाठवले, तर काय मागाल?" बहुतेकांच्या तोंडून एकच नाव आले. ते कुणाच्या जिभेवर अडले नव्हते, आणि मुलांनी घरी विचारून आणल्याप्रमाणे कुठल्या भाषेत वावगेही नव्हते. मला फार आनंद झाला. शास्त्राने लागलेला निकाल कुणी नाकारणार नाही, अशी माझी शिक्षकी समजूत होती.

रविवारी देशपांडे नगरातल्या घरी जेवणे झाल्यावर मी निकाल सांगितला. अक्का ताटे उचलता उचलता थांबली.

भावजींनी सुपारी कातरायची थांबवली. "ते नाव? ते तर लग्नातच संपलं की."

"संपलं कुठं, भावजी? सगळा बाजार त्याच नावानं मागतोय," मी म्हणाले.

"हुबळीचा बाजार. अगं, बायकोच्या माहेरच्या नावानं धंदा चालवतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील? सासुरवाडीच्या जिवावर जगतो म्हणतील."

"एवढं एक नाव राहू दे," अक्का म्हणाली. तिने स्वतःसाठी काही मागितलेले मी त्याआधी ऐकले नव्हते.

"चटणीचं नाव आहे ते. तुझा काय संबंध?"

"माझा संबंध नसला, तर तुमची हरकत कशाला?"

उत्तर भाच्याने दिले. "आई, मनाला लावून घेऊ नकोस. बाजार भावनेवर चालत नाही."

आदल्याच आठवड्यात त्याने नावांची परीक्षा घ्यायला सांगितली होती. निकाल भावनेच्या बाजूने लागला, तेव्हा तो त्याला चुकीचा वाटला. हे मी त्याला म्हटलेही. तो हसला आणि म्हणाला, "मावशी, तू वर्गातलं माणूस."

मग बेंगळूरुहून जाहिरातीचा एक माणूस बोलावला गेला. त्याने दोन अक्षरे जुळवून एक शब्द आणला. त्याला मराठीत अर्थ नव्हता, कानडीत नव्हता, कुठल्याच भाषेत नव्हता, आणि हाच त्याचा गुण असे त्याने समजावून सांगितले: जिथे अर्थच नाही, तिथे वाईट अर्थही निघत नाही. त्याचे म्हणणे तर्काला धरून होते. भावजींना ते फार आवडले. ज्या शब्दाला कुणाचेच माहेर नाही, तो त्यांना सोयीचा होता.

तारिहाळला यंत्राची पूजा झाली. भटजींनी नारळ फोडल्यावर भावजींना काय सुचले कोण जाणे. त्यांनी ताट मागवले, त्यात तांदूळ पसरायला लावले, बोटातली अंगठी काढली आणि त्या अंगठीने तो नवा शब्द तांदळात लिहिला. अंगठी लग्नातलीच होती.

"दुसरं लग्न लावलं की हो यांनी!" पाहुण्यांतले कुणी ओरडले. शेड हास्याने भरून गेली.

"नशीबवान बघा. या बायकोला माहेरच नाही!" दुसऱ्याने भर घातली. भावजीही हसले.

पेढ्यांचे ताट अक्काच्या हातात होते. ती प्रत्येकासमोर थांबली, प्रत्येकाने पेढा उचलला. माझ्यासमोर आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि पेढा घेतला नाही. "घे," ती म्हणाली, "लोक बघतायत." मी घेतला.

माल चांगला खपला, हेही लिहिले पाहिजे. हाताने लिहिलेल्या पिशव्या दुकानांतून गेल्या, चकचकीत पाकिटे आली. चटणी आता यंत्र करी. अक्काला तारिहाळला जाण्याचे कारण उरले नाही, आणि घरी कुणी येईनासे झाले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात, ती माझ्याकडे धारवाडजवळच्या केलगेरीला राहायला आली होती. आम्ही दोघी धारवाडच्या बाजारात गेलो. दुकानात आमच्या पुढे एक म्हातारी बाई उभी होती. तिने अक्काचे माहेरचे नाव घेतले आणि विचारले, "त्या नावाची शेंगाचटणी आहे काय?"

दुकानदाराने भावजींचे पाकीट पुढे सरकवले. "हीच ती, आजी. नाव बदललंय आता."

बाईने पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि परत ठेवले. अक्काकडे वळून ती म्हणाली, "तुम्ही खाल्ली होती का हो ती चटणी?"

"खाल्ली होती."

"ती करणारी बाई गेली म्हणं. म्हणून पोरांनी नाव बदललं असंल."

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. मी तोंड उघडणार, तोच अक्काने माझा दंड धरला.

"होय," ती म्हणाली. "जाऊन बरीच वर्षं झाली."

बाई हळहळली. बिचारी, म्हणाली, हाताला चव होती तिच्या. अक्काने मान हलवली, आम्हाला हवे ते सामान घेतले आणि आम्ही थांब्यावर येऊन उभ्या राहिलो. ऊन डोक्यावर होते. तिने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला.

तिला तिथे, भर रस्त्यात, त्या नावाने हाक मारावी असे मला वाटले. ते नाव मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, भरल्या वर्गाकडून म्हणवून घेतले होते. ते कुठल्याही जिभेवर अडत नाही, हे सिद्ध करणारी मीच. केलगेरीची बस वळणावरून आत आली.

"अक्का," मी म्हणाले, "चल, बस आली."