कोमट शनिवार

शनिवारी संध्याकाळी व्हर्ना ओयालाच्या घरामागच्या साउनातून, म्हणजे चुलीनं तापवलेल्या लाकडी न्हाणीघरातून, पुरुष बाहेर येतात ते उकडलेल्या बिटासारखे लाल होऊन, आणि तसेच उघडेबंब बर्फात बसून राहतात. आमच्या गल्लीत याचं कुणाला नवल नाही. नवल वाटलं ते त्या जानेवारीत. व्हर्नाचा नवरा डॅरिल आणि मुलगा जेरेड साउनातून बाहेर आले, त्यांनी घाईघाईनं कोट चढवले, कानटोप्या ओढल्या आणि ते घरात पळाले. चक्क थंडी वाजत होती त्यांना.

अमेरिकेच्या उत्तर टोकाचं आमचं गाव तांब्याच्या खाणींचं. खाणी केव्हाच बंद पडल्या, पण फिनलंडहून त्या खणायला आलेल्यांची नातवंडं-पतवंडं इथेच राहिली, आणि शनिवारचा साउनाही राहिला. नव्या जागी आधी साउना बांधायचा आणि मग घर, अशी त्यांची जुनी रीत. व्हर्नाच्या आईचा तर जन्मच साउनात झालेला. अशा घरातला साउना कोमट निघणं म्हणजे आपल्याकडे पंगतीत शिळा भात वाढण्यासारखं.

“साउनाची चूल धूर ओढत नाही,” डॅरिल हार्डवेअरच्या दुकानात सांगत होता. “जुनी झालीय.”

व्हर्नाला मात्र कुणी विचारलं नाही. तिला कुणीच फारसं काही विचारत नाही, कारण उत्तर येईलच असं नसतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं आयुष्य काढलं, गावातल्या दोन पिढ्यांना जेवू घातलं. माझी दोन्ही मुलं तिच्या हातचं मॅकरोनी-चीज खाऊन वाढली. पण त्या दोन पिढ्यांशी मिळून ती जेवढं बोलली असेल तेवढं तिची सून शेल्बी एका सकाळीच बोलून टाकते.

शेल्बी टेनेसीची, दक्षिणेकडची. तिच्या माहेरी मोठ्या बाईला ‘मॅम’ म्हणतात, म्हणून ती सासूलाही मॅम म्हणायची.

“मॅम कोण? मॅम ती पोस्टातली बाई,” व्हर्नानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “आणि ते सॉना नाही, साउना. सॉना हॉटेलात असतो.” पहिल्या आठवड्यात सुनेशी झालेलं तिचं संभाषण एवढंच. शेल्बीनं साउना म्हणायची सवय लावून घेतली, मॅम काही सोडलं नाही.

आदल्या वर्षी शेल्बीला दिवस गेले होते, आणि पाचव्या महिन्यात ते बाळ गेलं. शनिवारी ती नेहमीसारखी साउनात बसली होती आणि सोमवारी हे झालं. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की याचा साउनाशी संबंध नाही, बाळाचं मुळातच काही बरोबर नव्हतं. शेल्बीनं ते मला सांगितलं, स्वतःच्या आईला सांगितलं. ओयालांच्या घरात कुणी विचारलं नाही, म्हणून तिथे सांगितलं नाही. त्यानंतर ती साउनात पाऊल टाकेना. शनिवारी सगळे मागे गेले की ती एकटी स्वयंपाकघरात बसायची.

आता पुन्हा दिवस होते. नाताळात तिनं घरी सांगितलं. जानेवारी सरता सरता उलट्या थांबल्या, गालांवर रंग आला आणि भूक अशी लागली की माझ्याकडचं लिंबाचं लोणचं ती खारट बिस्किटांवर लावून खायला लागली. घरी तिला डोहाळे लागले ते पेस्टीवर ग्रेव्हीचे. पेस्टी म्हणजे खिमा-बटाटा भरलेली, तळहाताहून मोठी भाजकी करंजी. इथले लोक ती केचपबरोबर खातात आणि त्या बाबतीत अजिबात गंमत चालवून घेत नाहीत.

“या टेबलावर आजवर ग्रेव्ही मागणारं माणूस बसलं नव्हतं,” डॅरिल म्हणाला.

व्हर्नानं उठून ग्रेव्ही केली आणि सुनेपुढे ठेवली.

“तोंड वाकडं करून ठेवली,” शेल्बी फेब्रुवारीत एकदा मला म्हणाली.

“तिचं तोंड तसंच आहे गं. माझ्या मुलाच्या लग्नातल्या फोटोतही तसंच आहे.”

ती हसली नाही. लोणच्याच्या बरणीत चमचा फिरवत म्हणाली, “तुमच्याकडे या दिवसांत सासू काय करते?”

“हवं नको बघते, लाड पुरवते. ओटी भरते. आणि काय खायचं नाही ते दिवसभर सांगते.”

“दिवसभर सांगते,” ती म्हणाली. “किती छान.” मग म्हणाली, “माझी आई असती तर एव्हाना पोटाशी गप्पा मारत बसली असती. इथे कुणी पोटाकडे बघतही नाही, जशी काही मी जरा जास्त जेवलेय. त्यांनी आशाच सोडलीय, नाहीतर मनात मला दोष देतायत. आणि अजून ते हललंही नाही. मागच्या खेपेला एवढ्यात हललं होतं.”

ती रडली नाही, पण चमचा फिरायचा थांबला. त्या घरात काय चाललं होतं ते मला ठाऊक असतं तर तिथेच सांगितलं असतं. पण मलाही चूलच बिघडलीय असं वाटत होतं.

मार्चच्या सुरुवातीला सोनोग्राफी झाली. दोन तासांवरच्या मोठ्या इस्पितळात जेरेडनं तिला नेलं. हृदय व्यवस्थित, पाठीचा कणा व्यवस्थित, सगळं जिथल्या तिथे. बाळाची वार पोटाच्या पुढच्या बाजूला होती, त्यामुळे हालचाल उशिरा कळेल, मध्ये उशी ठेवल्यासारखं आहे, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. परतताना जेरेडनं रस्त्याकडेला गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून जरा वेळ बसून राहिला. मग दुकानातून डोनटचा डबा आणला आणि घर येईपर्यंत दोघांनी तो संपवला.

घरी जेवायच्या टेबलावर शेल्बीनं सगळं सांगितलं. व्हर्ना म्हणाली, “बरं झालं.” आणि कणीक मळायला उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात वेलदोड्याचा वास सुटलेली गोड पावाची वेणी ठेवलेली होती. वर चिठ्ठी नाही, काही नाही. गल्लीतल्या प्रत्येक दारात एकेक होती.

“दोन शब्द बोलल्या,” शेल्बी मला म्हणाली. पण आता तिला राग येत नव्हता. छातीवरचं ओझं उतरलं की माणसाला जगाचं भलं करावंसं वाटतं, तसं तिचं झालं होतं. आणि भलं करायला समोर होती ती सासूची बिघडलेली चूल.

तिनं कुणालाही न सांगता रेनोला बोलावलं. आसपासच्या साउनांच्या चुली आणि धुराडी रेनोच बघतो. शनिवारी सकाळी मी वेणीचं ताट व्हर्नाला परत करायला गेले तेव्हा तो साउनात गुडघ्यांवर बसून चुलीत डोकं खुपसून होता. बाहेर डॅरिल आणि जेरेड उभे होते, प्रिन्सिपॉलच्या खोलीबाहेर उभं केल्यासारखे. शेल्बी मात्र खुशीत होती.

रेनोनं डोकं बाहेर काढलं. “धुराडं साफ आहे. चूल ठणठणीत आहे. फक्त भुकेली आहे. लाकडं कोण घालतं?”

डॅरिलनं आपल्या बुटांकडे पाहिलं. जेरेडनं डॅरिलकडे.

“मी,” मागून व्हर्ना म्हणाली. ती धुतलेले टॉवेल घेऊन आली होती.

“व्हर्ना, तुझ्या बापाला कळलं असतं तर थडग्यातून उठून ओंडके घालायला आला असता.”

“मीपण हेच म्हणत होतो,” डॅरिल म्हणाला. “नाताळापासून.”

“तू काही म्हणत नव्हतास.”

“मनात म्हणत होतो.”

“पण मग का?” शेल्बीनं विचारलं. “मॅम, चूल चांगली आहे तर का?”

व्हर्नानं टॉवेलांची चळत एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली. एवढ्या माणसांसमोर बोलायची तिला सवय नव्हती.

“तुला कधी शनिवारी यावंसं वाटलं तर,” ती म्हणाली. “गरम असता तर तुला दारातून मागे फिरावं लागलं असतं. दवाखान्यातल्या नर्सला विचारलं मी, लॉरीला. लहानपणी माझ्या हातचं जेवायची ती. तिनं तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारून सांगितलं, अंग तापायला नको. आंघोळीपुरतं कोमट, थोडा वेळ, दार किलकिलं. म्हणून तेवढाच करते.”

“दर शनिवारी?”

“तू कुठल्या शनिवारी येशील ते काय माहीत.”

शेल्बी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. “मला सांगायचं ना, मॅम.”

“सांगितलं असतं तर तुला यावं लागलं असतं.”

रेनो आपली हत्यारं पुसत होता, तो पुसायचा थांबला. डॅरिलनं त्याच्या खांद्याला धरलं. “चल रेनो, कॉफी घेऊ.” जेरेडही त्यांच्यामागे गेला. मीही निघणार होते, पण ताट अजून माझ्याच हातात होतं आणि वाटेत त्या दोघी उभ्या होत्या.

“मला वाटलं,” शेल्बी म्हणाली, “मागच्या वेळी मी आत बसले म्हणून तुम्ही मला...”

“तुला?” व्हर्ना म्हणाली. “तापवला मी होता.”

“पण त्याचा काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. बाळच नीट वाढत नव्हतं.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाही, मॅम.”

“कसं विचारायचं,” व्हर्ना म्हणाली आणि साउनाच्या पायरीवर बसली. पायरीवर बर्फ होता, तो तिच्या लक्षात आला नसावा. वर्षभर ही बाई दर शनिवारी त्या चुलीपुढे वाकत होती, आणि प्रत्येक ओंडक्याबरोबर काय उचलत होती ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं. शेल्बी तिच्याशेजारी बसली. तीही बर्फातच. मग मी ताट खिडकीत ठेवलं आणि आवाज न करता निघाले.

“तू कुठे चाललीस?” व्हर्ना म्हणाली. “संध्याकाळी ये.”

संध्याकाळी आधी बायका, मग पुरुष, हा तिथला क्रम. आम्ही तिघी आत गेलो. शेल्बी सगळ्यात खालच्या फळीवर, सैल सुती झगा घालून, पाय घमेल्यात सोडून बसली. दार व्हर्नानं लाकडाची ढलपी लावून किलकिलं ठेवलं होतं. खरं सांगायचं तर इतका नीरस साउना मी कधी घेतला नव्हता. नीट घामही येईना. व्हर्ना डावानं कोमट पाणी घेऊन सुनेच्या पाठीवर सोडत होती. शेल्बी आधी बडबडत होती, पाळणा, तिच्या आईचं विमानाचं तिकीट, असं काही काही. मग हळूहळू गप्प झाली. पाण्याचा तेवढा आवाज राहिला.

“थांबा,” ती एकदम म्हणाली.

व्हर्नाचा डाव हवेतच थांबला.

“परत झालं. आतून कुणीतरी टिचकी मारल्यासारखं.” तिनं व्हर्नाचा ओला हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. “इथे. कळतंय?”

“नाही.”

“थोडं थांबा, मॅम.”

व्हर्ना थांबली. तिनं मान चुलीकडे वळवली होती, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसला नाही, पण हात दिसत होता. आयुष्यभर मोठमोठी पातेली उचललेला तो जाड हात ताठ होता. हळूहळू तो सैल झाला आणि तिथेच विसावला.

“मला काही जाणवत नाही,” ती म्हणाली. “पण तुला जाणवलं ना?”

“जाणवलं.”

“मग झालं.” हात मात्र तिनं काढला नाही.

बाहेरून दारावर थाप पडली. “आत राहायला गेलात का सगळ्या?” डॅरिलचा आवाज. “आमचं कोमटसुद्धा गार होतंय.”

“हललं ते, डॅरिल,” शेल्बी ओरडून म्हणाली.

बाहेर जेरेड धडपडून बर्फात पडल्याचा आवाज आणि डॅरिलचा जड आवाज, “बरं झालं.” ओयालांच्या घरात आनंदाला बहुधा हे दोनच शब्द आहेत.

“लाकडं आण,” व्हर्ना आतून म्हणाली.

“किती?”

“मावतील तेवढी.”

आम्ही टॉवेल गुंडाळून, वर कोट चढवून घराकडे निघालो. शेल्बी मध्ये, वाट निसरडी म्हणून व्हर्नानं तिचा दंड धरलेला. मागच्या दारापाशी व्हर्ना मुठीवर हात ठेवून थांबली.

“हललं की मला हाक मार. झोपले असले तरी.”

“आणि नाही हललं तर?”

“तर सगळ्यात आधी हाक मार,” व्हर्ना म्हणाली, आणि तिनं दार उघडलं.