तेल आधी तापू दे

आष्ट्याच्या या मिस्त्रीचा मला राग येतो, आणि गाडी न्यायची तर त्याच्याकडेच. तो माणसाशी कमी, बॉनेटशी जास्त बोलतो. पण त्याचा तेलकट हात गिऱ्हाइकाच्या सीटला कधी लागत नाही. आधी तीनदा पुसणार, मगच दार उघडणार.

ट्रॅकवर पळवायच्या गाडीसाठी मी इंजिनाचं तेल गार ठेवणारा, दुकानातला सगळ्यात मोठा ऑइल कूलर नेला. बघताच तो भडकला.

"शोसाठी आणलाय व्हय रं? एवढ्या मोठ्या कूलरात तेल तापायचंच न्हाई. घट्ट तेल इंजनात फिरत न्हाई गड्या. लहान आण, थर्मोस्टॅट लाव. तेल आधी तापू दे, मग गार कर."

माझंही डोकं फिरलं. "बसवणार का न्हाई, तेवढं सांग."

"न्हाई."

मी सांगलीत बसवून घेतला.

थंडीतल्या सकाळी पहिल्याच फेरीत इंजिनाची बेअरिंगं गेली. टोचन लावून गाडी त्याच्याच दारात आणली. 'सांगितलं हुतं' म्हणेल, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तो थेट गाडीखाली शिरला. खालून तेल सोडलं, त्यात बोट बुडवलं. बोटावर बेअरिंगचा चुरा चकाकत होता.

मग ते बोट त्याने माझ्या पांढऱ्या शर्टाला सावकाश पुसलं.