ॲव्हिसबाईचं माहेर

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, गौरीने नाही, युनिव्हर्सिटीतल्या बाईने तर नाहीच. चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतं! त्या वर्षांत इथे परदेशात, आमच्या वेरिबी उपनगरात, घरोघरी स्टुडंट भाड्याने राहायचे. आणि स्टुडंट घरात आले की किस्से सिंकमधल्या भांड्यांसारखे साचतात. कधीतरी घासायला लागतातच.

आमच्याकडे चार मुली. तिघी अकाउंटिंगवाल्या. चौथी गौरी, कराडची, इतिहासवाली. तिचा विषय काय, तर आठशे वर्षांपूर्वीची इंग्लिश सरदारीण, लेडी ॲव्हिस. तिचं माहेर शोधायचं.

मी म्हटलं, "अगं, त्यांच्या गावात हेळवी येत नाहीत का? वंशावळ सांगणारे?"

"नाही हो काकू."

"मग कसली सरदारीण!"

*

गौरीची प्रोफेसर मार्गारेट. तिचं ॲव्हिसवर जाडजूड पुस्तक. त्यात लिहिलेलं, ॲव्हिस आणि मॉड नावाची दुसरी सरदारीण सख्ख्या बहिणी, कारण पत्रात ॲव्हिस मॉडला "सिस्टर" म्हणते. मॉडचा बाप सगळ्यांना माहीत, म्हणून ॲव्हिसचाही तोच. पण गौरीला कळलं, ॲव्हिस जन्मायच्या चार वर्षं आधी तो बाप मेलेला! थीसिस अडला. पुढची स्कॉलरशिप नाही मिळाली तर परत कराड, आणि कराडला वडिलांनी स्थळ बघून ठेवलेलं.

"मुलगा कसा आहे?"

"काकू, फोटोतसुद्धा आईकडेच बघतोय."

*

एका शनिवारी आम्ही मटार सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "वाच बघू ते पत्र."

ती मराठी करून वाचायला लागली. "सिस्टर, मदर अजून कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडते. मेणबत्ती हवी तरी मागावी लागते. तू सुटलीस."

"ही आई नव्हे. सासू आहे."

"काकू, मदर लिहिलंय!"

"मी माझ्या सासूला आईच म्हणायचे ना? आणि सिस्टर म्हणजे कोण? बहीण, नणंद, भावजय की जाऊ?"

"तेव्हा सगळ्यांना सिस्टरच म्हणायचे."

"मग ही जाऊ. नणंदेला तिच्याच आईच्या चुगल्या कोण लिहील?"

"पण दोघींच्या नवऱ्यांची आडनावं वेगळी आहेत."

"गावांची नावं लावली असतील. आपल्याकडे नाही लावत?"

सोफ्यावरून आमचे हे म्हणाले, "झालं! आता इंग्लंडातल्या घरातपण भांडणं लावणार."

"भांडण नाही, सोयरीक लावतेय. तुम्ही क्रिकेट बघा!"

*

गौरीने भीतभीत मार्गारेटला सांगितलं. तिने विचारलं, "तुझा सोर्स काय?"

"माय लँडलेडी."

"लव्हली," मार्गारेट म्हणाली. "बट नो."

गौरी रडतच घरी आली. मी म्हटलं, "डोळे पूस. जमिनीचा कागद शोध. जमीन आली की सगळी नाती कागदावर येतात."

*

तीन आठवड्यांनी तिने ट्रेनमधूनच फोन केला. "काकू, जावा! जावा!" डबाभर माणसं बघत होती म्हणे. लायब्ररीत जुन्या इंग्लिश कागदांच्या नकलांमध्ये तो कागद सापडला होता. एका विधवेने आपली जमीन दोन मुलांना दिलेली. एक ॲव्हिसचा नवरा, दुसरा मॉडचा. आडनावं वेगळी, आई एक! खाली साक्षीला ॲव्हिसचा भाऊ, बापाच्या नावासकट. सापडलं माहेर.

*

मार्गारेटला दाखवायला गौरी मला घेऊन गेली. एकटीने जायची हिंमत होईना. मार्गारेटने कागद दोनदा वाचला. तिचंच पुस्तक खोटं ठरत होतं, आणि स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही तिचीच लागणार होती.

गौरी चाचरत म्हणाली, "थीसिसमध्ये आधीची चूक कुणाची लिहू? पत्र पहिल्यांदा छापणाऱ्या पाद्र्याची?"

मार्गारेटने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला काय वाटतं?"

मी माझ्या इंग्लिशमध्ये विचारलं, "पाद्री मॅरेज?"

"नो. नेव्हर."

"देन नो मदर-इन-लॉ. देन नॉट हिज मिस्टेक."

मार्गारेट चष्मा काढून हसायला लागली. मग दोन बोटं वर केली. "आय हॅड टू," ती म्हणाली. "टू मदर्स-इन-लॉ!"

फॉर्मवर सही केली. मग थीसिसचं पान पुढे ओढलं. चूक करणाऱ्याच्या नावाची जागा गौरीने कोरी सोडली होती. तिथे प्रोफेसरने पेनाने ठळक लिहिलं: मार्गारेट ॲशवूड.