ओळ काढली की आवाज जातो

महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी संगणकाकडे वळलो, त्यामुळे जाणकारांना काही विचारताना अजूनही संकोच वाटतो. यंदा मात्र विचारावेच लागले. पत्नी सिल्व्हर पार्क वसाहतीतल्या आमच्या घरातून गाण्याचे ऑनलाइन वर्ग घेते, आणि वर्ग रंगात आला की तिच्या लॅपटॉपचा माइक मुका होऊ लागला. त्यावरची खुली, म्हणजे ओपन सोर्स, कार्यप्रणाली माझ्याच आग्रहाची, म्हणून दुरुस्तीही माझ्याकडे आली.

दोष माइक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये असावा, असे माझा प्रश्न वाचून त्या प्रणालीच्या एका परदेशी विकसकाने कळवले. त्याने दुरुस्तीच्या काही ओळींचा पॅच पाठवला. तो घालून कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पुन्हा कंपाइल करून, म्हणजे मूळ ओळींपासून नव्याने तयार करून, पाहायचा होता. दुपारभर लॅपटॉपचा पंखा घरघरत राहिला. नवा कर्नल सुरू झाला, आणि संध्याकाळच्या वर्गात माइक पुन्हा गेला.

मग विकसकाच्या सूचनेवरून ड्रायव्हर कुठे अडकतो ते लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या नोंदवहीत, नोंदवणारी एक ओळ मी त्यात घातली. माइक नीट चालू लागला. दुसऱ्या वर्गातही चालला. मी आनंदाने कळवले, तर उत्तर आले: ती नोंद लिहिताना ड्रायव्हर क्षणभर थांबतो आणि त्या विलंबात दोष लपतो. ओळ काढून पाहा.

"चाललंय ना? मग राहू दे ती ओळ," पत्नी म्हणाली.

"अगं, कारण सापडलं नाही तर प्रत्येक अपडेटनंतर हेच सगळं करावं लागेल."

"माझ्या मुलींवर प्रयोग नकोत हं. एकदाच. आज."

दोष फक्त लांबलेल्या वर्गातच दिसे, त्यामुळे वर्गाखेरीज पर्याय नव्हता. ओळ काढली. भूपाची सरगम सुरू झाली. पत्नी तान घेत होती आणि पडद्यावरच्या मुली गोंधळून कानाकडे बोट दाखवत होत्या. अखेर एकीची आई पुढे झाली.

"मॅडम, आवाज नहीं आ रहा. फिर से गया."

"अहो!" एवढेच म्हणून पत्नी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि वर्ग तिथून पुढे सुरू झाला.

मी लॉग उघडला. त्यात काहीच नव्हते. नोंद करणारी ओळ मीच काढून टाकली होती. ओळ ठेवावी तर दोष येत नाही, काढावी तर त्याचा माग राहत नाही. आयुष्यभर मुलांना अनुमानाचे नियम शिकवले, आणि इथे अनुमानाला आधारच उरला नव्हता.

"उद्या वर्ग आहे," आतून आवाज आला. "ती ओळ परत घाला."

घातली. पंखा पुन्हा घरघरू लागला. मी विकसकाला लिहायला बसलो: दोष अजून आहे, पण मला तो दाखवता येत नाही. त्यापुढे दिलगिरीची दोन वाक्ये लिहिली, खोडली आणि पत्र तसेच पाठवले.