आतोबांची पिन

जगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ चोंदलेल्या भोकात असतं, अशी आमच्या आतोबांची श्रद्धा होती. आणि ते भोक मोकळं करायला स्टोव्हची पिन पुरते, असा त्यांचा अनुभव होता. मुरबाड, शहापूर, शेणवा अशा बाजारांत ते स्टोव्ह दुरुस्त करत. भावांशी भांडून घर सोडल्यावर त्यांनी लिलावात एक जुनी लष्करी अँब्युलन्स घेतली होती. मागच्या डब्यात बिछाना, मांडणी, फळीवर देव आणि या सगळ्याच्या मधे माझी आत्या, असा संसार. ड्रायव्हरच्या पाठीमागे पत्र्यात एक झरोका होता, त्यातून नवराबायको बोलत. मला पडसं झालं की आतोबा म्हणत, "काय नाय रे, नळी चोंदलीय." शहापुरात एका कारकुनाने दाखला अडवला तेव्हाही त्यांचं निदान तेच होतं, फक्त पिन कुठे घालायची, ते त्यांनी चारचौघांत सांगितलं नाही.

गाडी म्हणजे त्यांच्या लेखी मोठा स्टोव्हच. पण तिचा आवाज असा, की बाजारात शिरली की बैल दावं तोडत. "मी बोलते ते तुमाला ऐकूच येत नाय," अशी आत्याची तक्रार होती. एखाद्या नवऱ्याने ही सोय मानली असती. आतोबांनी धुराच्या नळीच्या तोंडावर भोकं पाडलेला तुपाचा डबा ठोकून बसवला आणि आत काथ्या कोंबला. आवाज बसला. थोड्याच दिवसांत गाडीचा जीवही बसला. सपाटीवर धापा, चढावर धप्प-धप्प. आतोबांनी पिन काढली. पेट्रोलची नळी झाली, कार्बोरेटर झाला, हॉर्नसुद्धा टोचून झाला. "जाळ कमी पडतोय," एवढंच ते म्हणत.

अशातच घोटीहून निरोप आला, की माझी आजी, म्हणजे आत्याची आई, अंथरुणाला खिळलीय आणि लेकीचं नाव घेतेय. मी शाळेत रजा टाकून सोबत निघालो. कसाऱ्याचा घाट लागला तशी गाडी रडू लागली. एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं, वर गाडीवानाने वळून विचारलं, "दोर टाकू का?" आतोबांनी पाटा-वरवंटा आणि पाण्याचं पिंप एका चहावाल्याकडे ठेवलं आणि मला ढकलायला उतरवलं. आत्या आत बसून डोळे पुसत होती. शेवटी तिच्याने राहवेना. मागचं दार उघडून ती गुपचूप उतरली आणि माझ्या शेजारी तिने खांदा लावला. ढकलता ढकलता तिची नजर डब्याकडे गेली.

"का रे, धूर हितनं यायला नको का?"

मी इतिहास शिकवायचो. "यायला पाहिजे," म्हटलं.

तिने आतून सांडशी काढली आणि डबा हिसडला. तोफ डागल्यासारखा आवाज झाला, डबा दरीत गेला, काथ्या माझ्या तोंडावर आला आणि गाडी आम्हाला तिथेच सोडून घाट चढू लागली. आम्ही हाका मारल्या, पण त्या धडधडाटात ऐकणार कोण!

एका ट्रकवाल्याने आम्हाला माथ्यावर सोडलं, तेव्हा आतोबा उघड्या दाराशी उभे राहून रिकाम्या बिछान्याकडे बघत होते.

"तू आत नव्हतीस?"

"डबा काढाया उतरलेली. हाका नाय ऐकल्या?"

"मी अख्खा घाट तुझ्याशी बोलत आलो गो!"

"काय बोललात?"

आतोबांनी खिशातली पिन काढून सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "काय नाय. जाळ चांगला लागलाय, म्हणलो." जाळाबद्दल बोलणाऱ्या माणसाचे डोळे असे ओले नसतात.

आजीने लेकीला ओळखलं. तिचा हात धरून पोटभर बोलली आणि मगच गेली. तोवर आतोबा ओसरीत बसून सगळ्या आळीचे स्टोव्ह फुकट टोचत होते.

आता आतोबा नाहीत. गाडी भंगारात गेली. आत्या माझ्याकडे असते. परवा भाजी निवडताना मधेच थांबून म्हणाली, "अख्खा घाट बोलत होते रे. काय बोलले असतील?"

"कधी विचारलं नाहीस?"

"विचारलं की लाजायचे," आत्या म्हणाली, "अन् गाडी चालू करायचे."