मामाच्या घराण्याचं हार्ट

आख्ख्या विक्रोळीत समोरच्याचं नाक बघून तो पुढे कशाने आजारी पडणार हे सांगणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझा सख्खा मामा होता. जन्मभर कारखान्यात लेथ चालवलेला माणूस, डॉक्टरकीशी काडीचा संबंध नाही. पण बारशाला बायका 'बाळ आईवर गेलंय की बापावर' म्हणून पाळण्यात डोकावत असल्या की मामा मागून शांतपणे म्हणायचा, "कोणावरही जाऊ दे, पित्त आजोबांचं घेतलंय. ढेकर ऐकलात ना?" माझ्या लग्नात गुरुजी 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या' म्हणून घसा कोरडा करतायत, आणि मुलीचे मामा नवरदेवाच्या काकांना कोपऱ्यात गाठून, तुमच्याकडे शुगर कोणाकोणाला, हे विचारत बसलेले!

स्वतःच्या घराण्याचा तर त्याला कोण अभिमान! "आमच्यात सगळे हार्टने जातात," हे तो गावाला हापूसची बाग असल्याच्या थाटात सांगायचा. पणजोबा नांगरताना, आजोबा जेवताना, वडील मिलच्या गेटवर आणि थोरला भाऊ बँकेच्या रांगेत, सगळे त्याला तोंडपाठ. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर छातीवर हात ठेवून उभा राहायचा. मामी म्हणायची, "पत्ते खेळताना बरं दुखत नाही ते!"

मग कोणीतरी त्याला सांगितलं की हल्ली थुंकीवरून जनुकं तपासतात, कुठला आजार रक्तात उतरलाय ते आधीच कळतं आणि वेळेत काळजी घेता येते. झालं, मामा झपाटला. नळी घरी आली. अर्धा तास आधी काही खायचं नाही, एवढीच अट होती. मामाने आदल्या संध्याकाळपासून कडकडीत उपास धरला, पाणीसुद्धा नाही. सकाळी तोंडाला ही कोरड! नळी हातात धरून बसलाय, थेंब पडेल तर शपथ. शेवटी मामीने त्याच्यासमोर विळी मांडून कैरी चिरली, तिला मीठ-तिखट लावलं, तेव्हा कुठे नळी भरली. कैरी मामीने आणि मी खाल्ली.

रिपोर्ट आला आणि मामाचा चेहरा पडला. हार्टचं खास असं काहीच नव्हतं. "मग चार पिढ्या काय उगाच गेल्या?" पण पुढे लिहिलं होतं की स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा एक दोष त्याच्या जनुकांत आहे. मामा भडकलाच. "वाट लावली ना! कुठल्यातरी बाईची थुंकी माझ्या नावावर खपवली यांनी!" आणि भांडायला म्हणून मला घेऊन तो अंधेरीला, तपासणीवाल्यांच्या समुपदेशक बाईंकडे गेला.

बाई तरुण आणि शांत होत्या. म्हणाल्या, "काका, हा दोष पुरुषांतही असतो, त्यांच्याकडूनही पुढे जातो. घरात कोणाला झाला होता का असा कॅन्सर?"

"छ्या! आमच्यात फक्त हार्ट," म्हणत मामाने पणजोबांपासून सुरुवात केली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"हे पुरुष झाले. बायका?"

"त्या लग्न होऊन गेल्या ना! त्यांचं घर वेगळं, आडनाव वेगळं. आमच्यात कशा धरायच्या त्या?"

"लग्नाने जनुकं बदलत नाहीत हो, काका."

मामा हळूच म्हणाला, "आत्याला गाठ झाली होती. आणि..." त्याने माझ्याकडे पाहिलं. माझी आई त्याची धाकटी बहीण. मी दहावीत असताना ती याच आजाराने गेली. हॉस्पिटलात रोज तिच्यासाठी पेज घेऊन येणारा हाच मामा, शेवटपर्यंत तिच्या उशाशी बसलेला. आणि घराण्याचे आजार सांगताना त्याने तिला एकदाही धरलं नव्हतं.

परतताना रिक्षात तो एकदम मालवणीत शिरला. भरून आलं की त्याचं असंच व्हायचं. "तुझी आवस आमचीच होती गो. मियां तिका मोजलंयच नाय." आणि माझा हात धरून ढसाढसा रडला. मीही रडले.

त्याने मागे लागून माझीही तपासणी करवली. दोष माझ्यातही निघाला. तेव्हापासून दरवर्षी मामा मला मुलुंडला छातीच्या तपासणीला घेऊन जायचा. मी टाळाटाळ केली की दारातच ठाण मांडायचा. तिथे बाहेर बाकावर सगळ्या बायका आणि मधोमध हा एकटा पुरुष. शेजारणीला विचारतोय, "माहेरी कोणाला होता? माहेरचं सांगा हां, सासरचं नको." वर, "माझ्यातपण आहे बरं का," हेही सांगणार, तेही हापूसच्याच थाटात. मी लाजेने अर्धी व्हायचे.

गेल्या पावसाळ्यात मामा डेंग्यूने गेला. घराण्यात डासाने गेलेला तो पहिलाच.

यंदा तपासणीला मी एकटीच गेले. जायचा अगदी कंटाळा आला होता, तरी गेले. बारीकशी गाठ सापडली, हाताला लागणारही नाही एवढी. काढून टाकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार वेळेत आलात हो." मामा असता तर सगळं श्रेय त्याने स्वतःकडे घेतलं असतं, कॉलनीत दारोदार सांगत फिरला असता, मला अगदी नको नको करून सोडलं असतं. सोड रे मामा, खुशाल सोड. तुझ्यामुळेच तर आहे मी.