वर गेलेला वायू

दोन हजार चोवीस साल, मला एकोणऐंशीवं चालू. आनेकलजवळ माझ्या गोठ्यामागं शेणाच्या वायूची टाकी आहे. तिची तोटी सैल केली की आधी फुस्स, मग कुजका दर्प, आणि मग वर नुसतं निळं, निष्पाप आकाश! एकट्याच्या चुलीला लागतो तो किती? उरलेला वायू संध्याकाळी असा मोकळा करायचा, हा माझा नेम. आकाशाला का जागा कमी आहे?

राजाजीनगरहून नात सुट्टीला आली. रसायनं शिकते. मला तोटीशी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अज्जा, जाळा तरी! न जाळलेला तसाच वर जातो." मग वरचं पुराण सुरू. तिथं उन्हाच्या तेजानं म्हणे पाण्याचा एक अर्धवट तुकडा जन्मतो, अतृप्त, अधाशी. तो या वायूचा लचका तोडून स्वतः पूर्ण पाणी होतो, आणि लचका गेलेला वायू विरत विरत अखेर धुरातल्या वायूसारखाच होतो.

"म्हणजे पाणीच की गं! पुण्य लागेल मला."

"त्याला वर्षं लागतात, अज्जा. तोवर गोधडीसारखा धरतीची ऊब कोंडून बसतो. आणि अगदी वर झालेलं पाणी पाऊस होऊन उतरत नाही, तेही ऊबच धरतं."

काय हा वैताग! चौथी यत्ता शिकलेल्या माणसाला आता नातीनं आभाळ शिकवावं? त्यात लेकाचा फोन. त्याला निमित्तच हवं होतं: "टाकी बुजवा, दोन्ही गाई विका, इकडं या." विका म्हणे! ज्यांच्या हंबरण्यानं माझा दिवस उजाडतो, त्या विकून मी त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात काय राखू, कुंड्या?

नातीनं फोन ओढून घेतला. "अप्पा, गाई कशाला विकायच्या? मी तोटीबद्दल बोलले. अज्जांनी ती बंद ठेवून उरलेला वायू जाळला की झालं." मग माझ्याकडं वळून, "सरी ना, अज्जा? ठीक?"

त्या रात्री मी कूस बदलत राहिलो. दृष्टीआड झालं की संपलं, असं मानायची माणसाला केवढी खोड! पण जे डोळ्यांना दिसत नाही, तेही कुठंतरी आपलं काम करीतच असतं ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या वायूवर दोन्ही शेगड्या पेटवल्या आणि गाईंच्या अंबोणाचं मोठं पातेलं चढवलं. नात दारात येऊन हसू लागली, तेव्हा तिला बजावलं, "हसतेस काय? ऊन अंबोण गाईंना पचतं. तुझ्या आभाळाचा इथं काही संबंध नाही."